कुंडईनंतर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लिहून ठेवत जा.
वही आणली. वही कुठे ठेवली
ते प्रेमावतीला ठाऊक.

म्हणून मी माझीच युक्ती काढली.
अठ्ठावीस वर्षं फोंडा–पणजी केलंय,
दिवसाला सहा फेऱ्या,
झोपेतही दोरी ओढून घंटी मारलीय
(मच्छरदाणी दोनदा खाली आली).
तो रस्ता काही कुठे जात नाही.
तेव्हा एकेक गोष्ट
एकेका थांब्यावर उतरवायची.

फर्मागुडीला प्रेशरची गोळी,
चढाला धाप लागली की आपसूक आठवते.
म्हार्दोळला जायांच्या माळांपाशी
धाकट्या सुनेचं नाव. शर्वाणी.
मंगेशीला गॅसवाल्याचा नंबर.
बाणस्तारीच्या पुलावर कुणाचं काय देणं आहे ते,
वाऱ्यानं पडलं पाण्यात तर पडू दे.
आणि रायबंदरला, नदीकडच्या खिडकीत,
गेलेली माणसं.
ती बसून असतात. त्यांना कुठे उतरायचंय.

दोन चवथी निघाल्या अशा.

मग परवा, भर बाजारात
पिशवी काखेत, डोळे मिटून
फोंड्याहून सुटलो.
फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, कुंडई,
आणि बस एकदम पुलावर.

मध्ये काहीतरी होतं.
घरं अगदी रस्त्याला टेकलेली,
तिथे एक बाई उतरायची, डोक्यावर पाटी,
सुटे पैसे नेहमी बरोबर.
तिच्या पाटीतली मिरची अजून नाकात जाते.
गाव येत नाही.
आणि त्या गावातच ठेवलेलं होतं
आज घरी न्यायचं ते.

चवळीवालीला कसं विचारणार,
कुंडईनंतर काय येतं गं?
ती बोट दाखवणार, स्टँड तिकडे, आजोबा.

घेतलं मग अंदाजानं.
मीठ, काडेपेटी, अर्धा किलो चवळी,
सोलं,
रेडिओचे बारके सेल,
हिरांची एक केरसुणी.
दुकानदारानं दोन रुपये कमी दिले,
न बघता कळलं.
बोटं अजून ड्युटीवर आहेत.

प्रेमावतीनं ओट्यावर एकेक काढलं.
मीठ बघून म्हणाली, बरं झालं, संपतच आलं होतं.
चवळी? हीच तर सांगितली होती.
सोलं? हो, तीही.
केरसुणी जरा जास्त वेळ धरली हातात,
म्हणाली, हीसुद्धा.
सगळंच सांगितलं होतंस?
सगळंच, म्हणाली,
आणि पाठ करून चहाचं आधण ठेवलं.

आता मी जातीचा कंडक्टर.
तिकीट न काढलेलं माणूस
मला पाठमोरंही कळतं.
मान थोडी ताठ,
नसलेल्या खिडकीतून बाहेर बघणं.

जूनमध्ये, शाळा सुरू व्हायच्या दिवसांत,
एखादी आई दोन पोरांत एकच तिकीट काढायची.
दुसऱ्याला मांडीवर घ्यायची,
त्याचे पाय तर खाली टेकलेले,
म्हणायची, पाच पुरी कुठे झाली अजून.
आणि मी पंच खिशात टाकून
पुढच्या सीटकडे सरकायचो.

चवळी निवडायला बसलो.
खडे बरेच होते.

रात्री दिवा मालवल्यावर
ओठांतल्या ओठांत पुन्हा बस काढली.
म्हार्दोळ. मंगेशी. कुंडई.
कुंडई.
कुंडई.
भिंतीकडे तोंड करून निजलेली ती
कंटाळून म्हणाली, भोम.

हां. भोम.
मिरचीवाली उतरली, पाटी सांभाळत.
सुटे बरोबर.
मी दोनदा दोरी ओढली.