पाच नंबर

खारघर, सेक्टर बारा. अर्धं शटर ओढून
कमळाकरनं फोर्क डब्यात उपडा केला.
काळं तेल, मासळीच्या पाण्याचा वास.
चिमटीत चोळून म्हणाला, "वजन?"
"सायकलचं?"
"तुमचं."

अठ्ठावन्न.
गेल्या सर्व्हिसला त्र्याहत्तर होतं,
त्याच्याच वहीत, त्याच्याच अक्षरात.
तो वहीकडे बघत राहिला, माझ्याकडे नाही.

दहाची बाटली परत फळीवर ठेवली.
"आकड्यावर जाऊ नका.
प्रत्येक कंपनीचा पाच वेगळा.
हा खरंच पातळ आहे."
मोजून ओतलं,
बुडबुडे वर येईपर्यंत थांबला.
टेकडीचं नाव मी काढलं नाही,
त्यानंही नाही.

मग तळहातानं दाबलं:
फोर्क गेला खाली,
आणि उगाच न रेंगाळता वर आला.

वहीत अठ्ठावन्न लिहिलं.
पेन्सिलीनं.