पेवात कंदील

गणपती पेठेत, भडंगाच्या दुकानावर
लाकडी जिन्याच्या अकरा पायऱ्या चढलं की माझं ऑफिस.
दोन स्क्रीन, एक कुरकुरता पंखा
आणि सव्वानऊच्या आत भरणाऱ्या पाच खुर्च्या.

आज सगळ्यांच्या तोंडी जीवरस बायोटेक.
अध्यक्ष गेले. वारले नाहीत, पायउतार झाले.
त्यांच्या जागी साबणाच्या कंपनीतला कुणी माणूस.
पहिल्या तासात शेअर अकरा टक्के खाली.

श्रेणिक आवटी हळदीचे अडते.
म्हणतात, माल खणखणीत असला की
मालक कोण, हे गिऱ्हाईक विचारत नसतं.
मग कानावरचं पेन काढून टेबलावर ठेवतात.
तरी पण, सौद्याला रुमालाखाली हात कुणाचा आहे
ते आपण बघितलं पाहिजे.

बाबगोंडा मगदूम
तीस वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये होते.
चेअरमन बदलला की काय होतं ते मला विचारा, म्हणतात.
आधी गेटचा रंग बदलतो.
मग गेस्ट हाऊसचे पडदे.
मग ज्याला उतारा काढता येतो
त्याची बदली भांडार विभागात.
बोलताना ते स्क्रीनकडे बघत नाहीत,
स्वतःच्या नखांकडे बघतात.

मिरजेहून डॉक्टर मुजावरांचा फोन.
म्हातारा कडू होता हो, पण शास्त्रज्ञ होता.
एकदा एक बॅच बिघडली,
कुणी ओरडायच्या आत देशभरातून परत मागवली.
हा मागवेल?
विकू नका. घेऊही नका. थांबा, पेशंट आलाय.
फोन बंद करायचा राहतो, मला ऐकू येत राहतं,
काल उपाशीपोटी किती होती साखर?

अन् हर्षल कुंभोजकर, वय चोवीस,
यानं घसरणीत दोनशे शेअर उचललेत.
काका, भावना बाजूला ठेवा, म्हणतो,
आणि दर दोन मिनिटांनी मोबाइल उलटा ठेवतो, सुलटा करतो.

माझं मत कुणी विचारत नाही.
मी दलाल. माझं मत म्हणजे माझी दलाली.

माझे वडील हरिपूरला पेवात उतरायचे.
वर माती सारवलेली, खाली दोन माणसं खोल हळद,
वर्ष वर्ष कुणाच्या नजरेला नाही.
तोंड उघडलं की आधी दोरानं कंदील सोडायचे.
ज्योत विझली तर सगळे काठावर बिड्या ओढत बसायचे,
व्यापारी कितीही घाई करो.
पाच सालच्या पुरात पेवं गेली,
कंदील अजून आमच्या माळ्यावर आहे.

दुपारी सुमतीबाई कोष्टी आल्या, खणभागातून चालत.
चाळीस शेअर. मिस्टरांच्या फंडातून घेतलेले.
विकायचेत का, मी विचारलं.
त्यांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली
इन्शुलिनची बाटली काढली.
जीवरसचीच.

नऊ वर्षं हीच टोचून घेत्येय पोटात, म्हणाल्या.
झाकण तेच आहे. सुईला लागतं तसंच लागतं.
फक्त या खेपेला अक्षरं बारीक केलीत.
आधी मला चष्म्यानं दिसायची,
आता भिंगानंही नाही.
असं का केलं असंल?

खुर्च्या गप्प.
आवटींनी पेन परत कानावर ठेवलं.
शाई वाचली असेल, मगदूम म्हणाले, पण हळू.
हर्षलनं बाटलीचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला,
तो फुटून नुसते ठिपके झाले.

तारीख तेवढी वाच बाबा, त्या मला म्हणाल्या.
मी बाटली घेऊन खिडकीशी गेलो,
उजेडात तिरपी धरली, पुन्हा धरली.
मागे स्क्रीनवर आकडा लाल, मग हिरवा, मग लाल.
खाली भडंगाला फोडणी बसली, डोळे चुरचुरले.

थांबा, म्हटलं,
लागतंय. वाचतो.