पाचवं कार्ड

शारजाहून लिंबाद्रीमामानं आणलेलं यंत्र
आम्हाला आधी मोडकंच वाटलं.
डोक्यावर एक जादाची फट,
आणि डब्यात कॅसेट नाहीच,
नुसती पाच कार्डं,
दोन्ही कडांना राखाडी पट्टी.
"ही घासायची. खेळ कार्डात आहे," मामा म्हणाला.
"कागदात कुठं खेळ असतो का बे?" याद्या मला म्हणाला.
मामा दुसऱ्या दिवशी निघून गेला, विचारायचं राहिलं.

दुपारी भवानी पेठेत वीज नव्हती, माग गप्प.
यंत्राला दोन पेन्सिल सेल पुरायचे,
पण पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता
म्हणून उंबऱ्यावर बसलो, उन्हाकडं तोंड करून.
हळू ओढलं, नाही म्हणालं.
घाईनं ओढलं, तरी नाही.
आई बाजूला विड्या वळत होती,
वर न बघता म्हणाली,
"पान कापतात तसं ओढा. हात थांबवू नका."
पट्टी वाचली गेली.
एक झाली, नऊ राहिल्या.

दहावीनंतर
एक बोटभर माणूस
पाठीला दोन फुगे बांधून
पाण्यावरून उडाला.
सोलापुरात, मे महिन्यात, पाण्यावरून.

नायना चादरीची कार्डं ठोकायचे.
ग्राफवर मोर, मोराचे चौकोन,
चौकोनाला भोक, भोकाला सुई, सुईमागं दोरा,
बाराशे कार्डांचा एक मोर.
रात्री त्यांनी धागे मोजायचं भिंग काढलं
आणि आमच्या पट्टीवर ठेवलं.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "राखाडी नाही हे. ठिपके आहेत."
आणि मोजायलाच बसले,
ओकटी, रेंडू, मूडू,
भाकरी वातड होऊन गेली.
"एवढे कुणी ठोकले असतील?"
मशीननं, आम्ही म्हणालो.
त्यांना पटलं नाही.

सकाळी उठून बघतो तर
पाचही कार्डं दोऱ्यात ओवलेली,
कोपऱ्याकोपऱ्याला भोक,
जकार्डाच्या माळेसारखी खुंटीवर टांगलेली.
"सुटी कार्डं ठेवू नयेत," नायना दाढी करता करता म्हणाले,
"एक इकडचं तिकडं झालं
की मोराचं डोकं शेपटीला येतं."
याद्या रडला.
मी रडले नाही. मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

दोरा कापला.
चार कार्डांतली भोकं कोऱ्या जागेत,
नेमकी. त्यांचा हातच तसा.
पाचव्याचं मात्र थेट ठिपक्यांत घुसलेलं.
आठ वेळा यंत्र नाही म्हणालं.
नवव्यांदा घेतलं,
माणूस उडाला, एक फुगा फुटला, तरी उडत राहिला.

का घेतलं, ते कॉलेजात कळलं.
असल्या पट्टीत थोडे ठिपके वरकड पेरतात,
काही सांडणारच असं धरून.
मी नायनांना फोन केला.
पलीकडं नुसती मागांची खडखड.
मग म्हणाले, "आमच्यात तशी सोय नव्हती.
एक भोक चुकलं की चादरभर चुकायचं."
आणि, "चहा घेतलास का?"

आता अक्कलकोट रोडला मोर पेन ड्राइव्हमधून उतरतो.
नायनांची कार्डं किलोवर गेली, पाच पोती,
उरली ती आईनं धान्याच्या डब्यांखाली घातली.
नायना गेले तेव्हा
भिंग त्यांच्या सदऱ्याच्या खिशातच होतं,
कुणाला काढायचं सुचलं नाही.

याद्याच्या पोरानं यंत्र मागितलं, दिलं.
काल पुण्याहून त्याचा फोन,
"आत्या, पाचवं कार्ड वाचतच नाही.
त्याला भोक आहे."

असू दे, म्हटलं. परत ओढ.
हात थांबवू नको.
पान कापतात तसं.

"कुठलं पान?"