माझे नऊ

लेम्युएल, मानेवरचा वस्तरा थांबवून तू विचारतोस,
"ऑगस्ट, तुझे सगळ्यांत आवडते नऊ कोण?"
आधी वस्तरा खाली ठेव.
असले प्रश्न धार लावून विचारू नयेत.
त्या कॅलेंडरचं मागचं पान घे, आणि लिही.

ज्यांची चित्रं च्युइंगगमच्या पाकिटांतून निघायची
ते माझे नव्हेत. ते साऱ्या देशाचे.
माझे ते, जे या ग्रोव्हनर फॉल्सच्या मैदानावर
चामड्याच्या कारखान्याकडून वारा सुटला की
नाकाला बाही लावून उभे राहायचे.
आमच्या संघाचं नावच टॅनर्स.
पाहुण्यांना तिसऱ्या डावापर्यंत मळमळायला लागायचं,
आम्ही त्याला घरच्या मैदानाचा फायदा म्हणायचो.

शॉर्टस्टॉपला रुफिनो अल्मान्सा.
सान्तो दोमिंगोकडचा पोरगा. एप्रिलात इथे बर्फ भुरभुरायचं,
तर माझी आत्या त्याच्या दोन्ही खिशांत
भाजलेले बटाटे घालून द्यायची, बोटांना ऊब म्हणून.
सातव्या डावात तो तेच सोलून खायचा.
एकदा घसरत बेसवर पोचला तेव्हा
पंचाने आधी त्याला नाबाद दिलं
आणि मग विचारलं, हा लगदा कसला?

कॅचर लिंडक्विस्ट. बोटं इतक्यांदा मोडलेली
की रस्ता विचारला तर तो नदी दाखवायचा
आणि बोट चर्चकडे जायचं.
त्याच बोटांनी माझ्या लग्नात अकॉर्डियन वाजवलं.
वाईट वाजवलं, पण शेवटपर्यंत.

पहिल्या बेसला कोणालाही टाक.
खरंच. पहिल्या बेसवर माझं कधी प्रेम जडलं नाही.

डावखुरा सायरस टेट एकच मोसम होता.
एल्मडेलच्या हॉटेलात त्याला खोली मिळाली नाही.
का, ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि कोणी बोललं नाही,
मीही नाही. मी एकोणीस वर्षांचा होतो,
आणि ते कारण पुरत नाही.
तो बसमध्ये झोपला. दुसऱ्या दिवशी
अख्ख्या एल्मडेलला त्याने दोन फटके मारू दिले, बस्स.
माझ्या वहीत त्या पानावरची पेन्सिल
कागद फाडून खालच्या पानावर उतरली आहे.

आता सेंटर फील्ड.
तू जन्मला नव्हतास, पण बापाने सांगितलं असेल,
या गावात ती गोष्ट दुधाबरोबर पाजतात:
शेवटचा डाव, दोन बाद, चेंडू उंच,
लोक आधीच टोप्या उडवत होते,
आणि एल्मर ड्युफ्रेनच्या हातमोज्यातून तो
ओल्या साबणासारखा निसटला.
हातमोजा इथलाच. ते चामडं मी कमावलेलं असू शकेल.
हा विचार मी पुष्कळ वर्षं केला आहे.

तो गाव सोडून गेला नाही, हे लक्षात घे.
सोमवारी कारखान्यात आला, चुन्याच्या हौदावर लागला,
माझ्या शेजारी, एकतीस वर्षं.
जेवणाच्या सुट्टीत कोणी सफरचंद फेकलं
तर दोन्ही हातांनी झेलायचा,
छातीशी धरायचा, पाखरू धरावं तसं,
आणि आम्ही सगळे डब्यात डोकं घालायचो.

एकदाच, निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात,
सँडविचचा कागद सोडता सोडता म्हणाला,
"तू वही ठेवतोस ना? त्या दिवशी काय लिहिलंस?"
म्हटलं, "फटका लिहिला. तुझ्या डोळ्यांवर ऊन होतं."
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
"त्या दिवशी ढग होते, ऑगस्ट."
आणि सँडविच मोडून अर्धं माझ्यापुढे केलं.

वहीत 'चूक, आठ' असंच आहे.
एरवी मी पेन्सिल वापरतो. तेवढं एक शाईने.
तेव्हा राग होता. आता ते अक्षर बघतो
तर वाटतं, कोणी इतक्या पोरकट हाताने
इतकं ठळक का लिहावं?

लिही: सेंटर फील्ड, एल्मर ड्युफ्रेन.
काय म्हणालास? तोच का, ज्याने...
हो, तोच.
उजवं मैदान सध्या रिकामं ठेव, आठवेल कोणीतरी.
आणि कानामागे जरा कमी कर.