धार कोणत्या अंगाला

कणकुंबीच्या वर, ओढ्याकाठी,
कातळावर तीन पाती मांडली.
माझा चाकू पार्सलने आलेला, नारिंगी मुठीचा,
अजून दुकानाच्या तेलाचा वास.
लुमाण्णाचा कोयता लॉरीच्या पाट्याचा,
जांबोटीच्या लोहाराने ठोकलेला,
पाठीवर घणाचे वळ तसेच.
इराप्पाची सुरी वीतभर, फडक्यात.

चिव्याची काठी आणली. एकेक घाव.
माझा अडकला, दगडाने ठोकून काढला.
लुमाण्णा हसला नाही, तेच जास्त लागलं.
मग त्याचा कोयता मी उचलला,
तो काठीवरून घसरला, मातीत.
‘डावरा काय रे तू?’
एकाच अंगाने घासलेली धार,
उजव्याचंच ऐकणारी.

इराप्पाने फडकं सोडलं.
सुरी माझ्या मुठीत बसली आणि चिवा
शेंगेसारखा उभा उलगडला.
पातं उन्हात धरून पाहिलं:
धार उलट्या अंगाला.
तू तर उजवा, मी म्हटलं.

‘तम्मनदु,’ तो म्हणाला.
धाकट्याची.

लुमाण्णा ओढ्यावर पाणी आणायला गेला,
भांडं भरायला त्याला फार वेळ लागला.

चहासाठी काटक्या सोलल्या त्याच सुरीने.
मी बऱ्याच.
इराप्पाने एकच,
अंगठा जपत, अवघडत,
डाव्या हाताने.