शेवटो

पर्वरीच्या हमरस्त्याला, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर
रात्री दहा ते सहा मी तक्रारी वाचते.
पाच जणांच्या खेळातला कुणीतरी एक
दुसऱ्या कुणावर तरी चिडलेला असतो.
एका तक्रारीला चाळीस सेकंद आणि तीन बटणं:
ताकीद, बंदी, सोडून द्या.

पहिल्या आठवड्यात कान तापायचे. आता नाही.
शिवी यंत्रालाच कळते,
माझ्यापर्यंत येईस्तोवर तिच्या जागी चार चांदण्या असतात.
मला मिळतं ते सभ्य.
कालचा एक, सबंध डाव एकाच मुलाच्या मागे:
"घाटी, पत्रादेवी ओलांड. बस कितीची तुझी?"
चांदणी एकही नाही.
यंत्राच्या लेखी घाट म्हणजे घाट, बस म्हणजे बस.
मी बंदी दाबली, तीस दिवस.
हेमराज आमचा शिफ्टप्रमुख, भुसावळचा.
म्हणाला, शब्द कुठला धरलास ते रकान्यात लिही.
मी लिहिलं: स्वर.
त्याने संभाषण पुन्हा वाचलं. म्हणाला, असू दे.

मग शेवटो.
एक्केचाळीस तक्रारी, गुन्हा एकच:
ऐन डावात निघून जातो.
मागे चौघे उरतात, हरतात. त्यांचंही खोटं नाही.
मी खेळले आहे; पाचव्याची रिकामी जागा
पडलेल्या दातासारखी, जीभ सारखी तिथेच.
हेमराज म्हणाला, नावातच सांगून ठेवलंय बघ, शेवट करतो.
आमच्या सांतइस्तेवात शेवटो हा मासा आहे.
मी त्याला ते लगेच सांगितलं नाही.

निघण्याच्या वेळा वहीच्या पाठीमागे उतरवल्या.
सोमवारी नऊ दहा. मंगळवारी दहा.
बुधवारी दहा पन्नास. गुरुवारी अकरा चाळीस.
त्याआधी आठवडाभर काहीच नाही, डाव पुरे,
त्याच्याही आधी पुन्हा हेच, पन्नास-पन्नास मिनिटांनी पुढे.
राग असा चालत नाही. वीजही अशी जात नाही.
असं फक्त पाणी चालतं.

उधाणाचं पाणी खाजनात भरलं
की ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावायचं.
फळी उचलायला दोघे लागतात,
एक म्हातारा असला तर दुसरा हा.
मलाही अशीच हाक यायची बाबांची, बांधावरून,
पुस्तक उघडं, ताट अर्धं, काय असेल ते तसंच टाकून.
भांगाच्या दिवसांत जाळं दोरीवर वाळतं
आणि शेवटो शेवटपर्यंत खेळतो.

चाळीस सेकंद केव्हाच संपली होती.
उंबऱ्यातून निघताना आपण जातो म्हणत नाही,
येतो म्हणतो.
आतून कुणी हं म्हणतं, मानही वर न करता,
तेवढ्यावर माणूस घरचा राहतो.
या खेळात नाचायची अठरा बटणं आहेत,
जिंकल्यावर कोंबड्यासारखं आरवायचं एक.
येतो म्हणायचं नाही.
चौघांना आधी कळतं, तर लहान डाव घेतला असता त्यांनी,
ओहोटी उलटेपर्यंत थांबले असते,
नाहीतर निदान तोंडावर भांडले असते.

रकान्यात दोनशे अक्षरं मावतात.
लिहिलं: पुनवेच्या आगेमागे चार दिवस, अवसेच्या आगेमागे चार,
याला संघात घेण्याआधी विचारा.
बंदी नको. नुसतं सोडूनही देऊ नका.
पडद्यावर लाल पट्टी: कृपया पर्याय निवडा.
हेमराज मागे येऊन उभा. तिथी बघून निकाल देतेस?
तेव्हा त्याला माशाचं सांगितलं.
तो म्हणाला, आमच्याकडे तापीला भरती नसते.
आणि जाऊन त्याने दिवसभराचे थंड झालेले पाव गरम केले.

मी ताकीद दाबली.
ताकिदीचं वाक्य ठरलेलं असतं, ते खोडलं.
लिहिलं: निघताना सांगून जा.

शुक्रवारी साडेबाराला, ऐन डावात,
चौघांच्या डोळ्यांदेखत एक शब्द उमटला:
येतां.
यंत्राला तो कुठल्याच यादीत सापडला नाही.
तक्रारी तीन आल्या.
चौथ्याची वाट मी सहापर्यंत पाहिली.