कापसाचं टोक

हेर्मिनियाबाई बार्रिया, वय एकाहत्तर,
धंदा लोकर कातण्याचा, घरच्या आठ मेंढ्या.
उजव्या कपाळावर फोड, भुवईत, पापणीवर,
आणि एक नाकाच्या अगदी शेंड्यावर.
डावीकडे काही नाही.
कुणी दोरी धरून हद्द आखावी
तशी मधोमध थांबलीय नागीण.

इथे तिला सापाचं पिल्लू म्हणतात.
शेजारची सुनिल्दा शाईची बाटली घेऊन आली होती:
तोंडापुढे एक रेघ, शेपटीमागे एक,
दोन्ही भेटली तर माणूस जातं म्हणे.
मी नर्स. मी नको म्हणायला हवं होतं.
पण रेघ ओढून होईपर्यंत
बाईंनी सुनिल्दाचं मनगट घट्ट धरलं होतं,
आणि माझ्या कपाटात फक्त पॅरासिटामॉल.

मी बघत होते तो नाकावरचा फोड.
जी नस नाकाच्या शेंड्याला जाते
तीच वाटेत डोळ्यातही डोकावते,
नाकानं सांगावा धाडला की लाँच गाठायची.

चेलिनहून सातची लाँच.
बटाट्याची पोती, एक डुक्कर, शाळेची चार मुलं.
पाण्यावरचं ऊन सुया घेऊन आलेलं.
तिनं शाल डोक्यावरून पार खाली ओढली
आणि आतूनच बोलत राहिली
एलिसेओबद्दल.

सत्तावनच्या हिवाळ्यात कांजिण्या त्यानंच आणल्या घरात.
एक खाट, एक कांबळं, दोघं भावंडं.
तिनं खाजवू नये म्हणून
त्यानं आपले मोजे तिच्या हातांवर चढवले,
आणि स्वतः खाजवत बसला.
पुढे तो दक्षिणेला गेला, मेंढ्या कातरायला.
दोन पत्रं आली.

मी म्हटलं, बाई, हे तेच दुखणं.
गेलं नव्हतं, झोपलं होतं
कवटीच्या तळाशी, नसेच्या एका गाठीत,
पासष्ट वर्षं.

शाल बराच वेळ हलली नाही.
मग आतून:
म्हणजे त्याच्याकडचंच?
हो.
तुमचं औषध सगळंच मारतं का?
नाही. थोडं राहतं.
बरं.

कास्त्रोच्या दवाखान्यात डोळ्यात केशरी थेंब, वर निळा दिवा.
बुबुळावर पुसट हिरव्या फांद्या उमटल्या,
पानं नसलेल्या.
डॉक्टरांनी कापसाला पीळ देऊन टोक काढलं,
डाव्या डोळ्याला लावलं:
पापणी टपकन मिटली.
मग उजव्याला.

नुसत्या चिमटीनं सांगते ती,
आठांपैकी कुठल्या मेंढीची लोकर, पाठीची की पोटाची.
ती वाट बघत होती.
लावा ना, म्हणाली.

दिवसाला पाच गोळ्या, थेंब, आठ दिवसांनी पुन्हा.
परतीच्या लाँचवर तिनं तो कापूस
माझ्याकडून मागून घेतला,
मिटल्या डोळ्यांनी पिळत राहिली.
फार आखूड आहे हा, म्हणाली.
याचा धागा व्हायचा नाही.